चार मिनिटं

भिंतीतला आरसा बाळांना आपलाच वाटतो.
सकाळभर त्यावर ओली बोटं, लाळ, अर्धं केळं.
दुपारी मी पुसतो, व्हिनेगर आणि जुन्या वर्तमानपत्रानं.
आरशामागे काळोखी खोली. तिथून आत दिसतं,
इथून तिकडचं काही नाही.
बालविकासाचे विद्यार्थी तिथे बसतात,
दर पंधरा सेकंदांनी एक खूण करतात.
त्यांच्या कागदावर वर छापलंय:
दिसेल तेवढंच लिहा, अर्थ लावू नका.

मला इथे तासाचे पैसे मिळतात ते अर्थ लावायचे.
हे रडणं दातांचं, हे झोपेचं,
हे नुसतंच, मंगळवारचं.

मुलाखतीत मार्लिसनं विचारलं होतं, अनुभव?
म्हटलं, वासरं. चाळीसेक पाजली असतील बाटलीनं,
वडिलांच्या गोठ्यात, उणे तीसमध्ये.
ती हसली नाही.
म्हणाली, म्हणजे घाई करणार नाहीस तू.
एकतीस वर्षं ती जमिनीवर बसते,
उठताना तिचे गुडघे आधी बोलतात.

मग मी शिकलो:
दूध मनगटावर टाकून बघायचं,
बाटलीवर चिकटपट्टी, तिच्यावर नाव, नावाखाली तारीख,
निजलेल्यांच्या छातीकडे दर दहा मिनिटांनी बघायचं
आणि कागदावर सही करायची की श्वास आहे.
विद्यापीठात माझी एवढी मोलाची सही
दुसरीकडे कुठे चालत नाही.

अँडर्स दोन वर्षांचा. त्याला एकच शब्द येतो, नाही.
सफरचंद? नाही. बूट? नाही.
घास तोंडात घेऊनही, नाही.

उबाह दहा महिन्यांची.
तिची आई फिल्सान मातीचं रसायन शिकते,
दारात तिला म्हणते, होयो, होयो.
पुढे कळलं, होयो म्हणजे आई.
त्यांच्याकडे आई लेकरालाही आईच म्हणते.
दार लागतं आणि उबाह तोंड वासते.
सगळी खोली तेवढ्या एका तोंडात मावते.

मी तिला कडेवर घेतो. खिडकीशी नेतो,
बर्फ काढणारी पिवळी गाडी दाखवतो.
कशाचं काय.
शेवटी मोजमापाचा पत्र्याचा चमचा हातात देतो.
चौथ्या मिनिटाला ती गप्प.
चमच्यात स्वतःकडे बघते, उलटी.

संध्याकाळी काळोख्या खोलीत फरशी पुसताना
एका कोपऱ्यात रोज डबकं सापडायचं,
विद्यार्थी बसत नाहीत त्या बाजूला.
बुटांवरून वितळलेलं बर्फ.
कुणीतरी तिथे बराच वेळ उभं राहतं,
हे कळायला मला आठवडा लागला.

मग एकदा मी चमचा दिलाच नाही.
म्हणजे दिला, पण उशिरा.
वाटलं, काचेपलीकडे कुणाला तरी हवं असेल
की आपल्यावाचून अजून थोडं अडावं.
मार्लिसनं बघितलं. डायपर बदलता बदलता,
मान न वळवता म्हणाली,
रडणं तिचं आहे.
तुला कुणाला भेट द्यायला नाही दिलेलं.

त्या दिवशीच्या कागदावर मी लिहिलं:
दूध एकशे वीस मिली. झोप पन्नास मिनिटं.
रडली: चार मिनिटं.

फिल्साननं कागद वाचला, उभ्याउभ्याच,
एका हातानं बर्फाचा पोशाख सरळ करत.
म्हणाली, आज सहा होती.
कसं कळलं ते ती बोलली नाही,
मी विचारलं नाही.
पेन काढलं, चारवर काट मारली.

उबाहचा डावा हात बाहीत अडकला होता.
आम्ही दोघंही आत हात घालून शोधत होतो.